हिरव्या ड्रेसची चेन

कपड्यांवर ब्लॉग लिहिते असं सांगितलं की लोक आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग "बरं" म्हणतात. हे "बरं" मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. खोटं कशाला बोलू, येतो. माझा ब्लॉग हजारो बायका वाचतात आणि दुकानात पैसे मोजायच्या आधी मला विचारतात, की बाई, हे घेऊ का. पण आमच्या दादाच्या लेखी हे काम नव्हेच. "फोटो काढून घेणं यात कसलं आलंय काम?" म्हणतो. त्याला एकदा त्या दिव्यांसमोर उभं करायला पाहिजे, उंच टाचांत, पोट आत ओढून, आणि वर सांगायला पाहिजे, की आता अगदी सहज हस.

त्या दिवशी स्टुडिओत माझं तेच चाललं होतं. मागे छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडलेला, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. माझ्या बुटांच्या तळांना चिकटपट्टी, कारण बूट परत करायचे असतात आणि ओरखडा चालत नाही. फोटोग्राफर आमचा नेहमीचाच. त्याला सगळे "हलूनको" म्हणतात, कारण दिवसभर त्याच्या तोंडी तेवढंच असतं. पाळण्यातून पहिला शब्दही हाच काढला असेल बहुतेक.

आमच्यात एक पद्धत आहे. कंपनीकडून नमुन्याचा एकच कपडा येतो, एकाच मापाचा. तो ढगळ झाला तर पाठीमागून चिमटे लावायचे. घट्ट झाला तर मागची चेन उघडीच ठेवायची आणि दोन्ही कडा पाठीवर चिकटपट्टीने धरून ठेवायच्या. समोरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय बसलाय! यात कोणी कोणाला फसवतंय असं आमच्या मनातही येत नाही. माझ्या तर कधीच आलं नव्हतं.

त्या दिवशीचा ड्रेस बाटलीसारख्या गर्द हिरव्या रंगाचा होता, गुडघ्याखाली जाणारा, फार देखणा. फक्त त्याची चेन कमरेच्या वर चढायला तयार नव्हती. ओढून ओढून हलूनकोच्या बोटांना वळ आले. शेवटी मानेपासून कमरेपर्यंत पाठ उघडी आणि त्यावर आडव्या पट्ट्या, अशी मी उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे दादाची बायको. चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांच्या नाकाकानांवर चष्मे नीट बसवून देते. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की हिच्या जिवावर येतं. म्हणून तिचा आवाज ऐकून मला नवल वाटलं.

"अगं, तुझ्या त्या कंपनीचा हिरवा ड्रेस आमच्या शेजारच्या दुकानात आलाय. समोरच उभी आहे त्याच्या. घेऊ का? घालून बघायला वेळ नाही, जेवणाची सुट्टी संपत आली. आपलं माप एकच ना?"

"एकच. डोळे मिटून घे. मी आत्ता तोच घातलाय."

"हो? कसा बसलाय?"

"अंगावरच शिवल्यासारखा," मी म्हटलं. फोन कानाला, पाठ कॅमेऱ्याकडे. मागे खटकन आवाज झाला.

"ए, काय काढतोयस?"

"काही नाही गं, दिवा बघतोय. हलू नको."

ड्रेस घरी आला आणि वहिनीने तो कपाटाच्या दाराला बाहेरच्या बाजूने अडकवून ठेवला. त्यानंतर रात्रीच्या जेवणाला ती आमच्याबरोबर बसायची, वाढायची, गप्पा मारायची, पण तिच्या ताटात मात्र काकडीच्या चकत्या. आई म्हणायची, "अगं, दिवसभर उभी असतेस, चार घास खा." ही म्हणायची, "दुकानात खाल्लं उशिरा." एकदा कोणा म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची दांडी वाकवताना तिला चक्कर आली आणि त्या गृहस्थांनीच तिला खुर्चीवर बसवलं. घरी येऊन म्हणाली, उकडत फार होतं.

आणि मी काय म्हणाले असेन? "वहिनी, बारीक झालीस हं! आम्हालाही सांग की काय करतेस ते." ती हसली आणि पाण्याचा पेला भरून घेतला. तिला बरं वाटलं असणार, असं मला वाटलं.

पुढे हलूनकोचं प्रदर्शन ठरलं. माणसं काम करता करता मधेच थांबतात तेव्हाचे फोटो, असा विषय होता. "तुझाही एक आहे, मोठा केलाय," तो म्हणाला. "कुठला?" तर म्हणे, येऊनच बघ. मी हवेत. हिरव्या ड्रेसच्या कंपनीची बाई उद्घाटनाला येणार होती आणि पुढच्या वर्षभराचं काम मला द्यायचं की नाही ते तिच्या हातात होतं. भिंतीवर माझा मोठा फोटो आणि त्यासमोर ती बाई, यापेक्षा चांगलं काय होणार? मी घरच्या सगळ्यांना आमंत्रण दिलं.

"मी तो हिरवा घालणार," वहिनी म्हणाली.

"घाल की! अजून एकदाही घातला नाहीस?"

"त्या दिवसासाठीच ठेवलाय."

उद्घाटनाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पोचले. हॉल रिकामा होता, शिडी अजून मधेच उभी. एका फोटोत वेल्डर डोळ्यांवरचा मुखवटा कपाळावर चढवून नाक पुसत होता. एकात डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून बुटातून पाय बाहेर काढत होत्या. मला आवडले फोटो. पुढे गेले आणि जागच्या जागी उभी राहिले.

माझी पाठ. माझ्या उंचीएवढी मोठी. उघडी चेन, पट्ट्यांच्या मधून वर आलेलं मांस, काखेखाली घामाचा डाग, आणि कानाला फोन. चेहरा अर्धवट वळलेला, तेवढा ओळखू येईल इतका. त्यावर हसू.

"काढ," मी म्हटलं.

हलूनको शिडीमागून आला. "अगं, सगळ्या प्रदर्शनात मला हाच सगळ्यात—"

"तो आत्ताच्या आत्ता काढ. ती बाई येणार आहे! तिच्या ड्रेसची चेन लागत नाही हे मी तिला भिंतीवर टांगून दाखवू? आणि वाचणाऱ्या बायका काय म्हणतील? इतकी वर्षं मी त्यांना काय सांगत आले?"

"तेच तर," तो म्हणाला.

"मला शहाणपणा शिकवू नकोस. एवढी हौस असेल तर स्वतःची पाठ टांग."

त्याने शिडी ओढून घेतली. मग म्हणाला, "तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं." त्याने फोटो उतरवला आणि आतल्या खोलीत, जिथे खोकी आणि जादा खुर्च्या ठेवल्या होत्या तिथे, भिंतीकडे तोंड करून उभा केला. बाहेर भिंतीवर नुसता खिळा राहिला. म्हटलं, चला, सुटले.

मग माणसं यायला लागली. आई आली, दादा आला आणि सरळ बिस्किटांच्या टेबलाकडे गेला. त्याच्या मागून वहिनी. हिरव्या ड्रेसमध्ये इतकी छान दिसत होती की मी मोठ्याने "अय्या!" म्हटलं. फक्त वरून तिने दादाचं जाडजूड जाकीट चढवलं होतं. हॉलमध्ये दिवे तापलेले, गर्दी वाढलेली, तिच्या ओठांवर घामाचे थेंब.

"जाकीट काढ गं, ड्रेस दिसू दे."

"असू दे."

"अगं, शिजशील!"

तिने माझा दंड धरला आणि कानाशी आली. "तुझ्याकडे पिन आहे का? मोठी. कुठे आडोसा आहे का?"

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तिने पाठ माझ्याकडे केली आणि जाकीट खाली सोडलं. चेन कमरेच्या वर जरा चढून अडकली होती. तिथून मानेपर्यंत सगळं उघडं. चेन ओढून ओढून कातडीवर लाल चरे उठले होते, काही जुने, काही ताजे. पाठीचे मणके वर आले होते. ते पूर्वी असे दिसत नसत.

"तरी जवळजवळ आलंय," ती मान वळवून म्हणाली. "आधी तर खालीच अडायची. अजून थोडी उतरले की लागेल. तुझी कशी गं पहिल्याच दिवशी लागली? आपलं माप एकच आहे, मग माझ्याच अंगात काहीतरी खोट असणार. रोज रात्री घालून बघते. तुझ्या दादाला सांगू नकोस, रागावतो."

पिन माझ्या पर्समध्ये होती, चांगली मोठी, आणि ती लावून "झालं बघ" म्हणणं अगदी सोपं होतं. बाहेर कोणीतरी कंपनीच्या बाईचं स्वागत करत होतं, तिचा आवाज मी ओळखला. तोंडाला येईल ते काहीतरी बोलून मी वेळ मारून नेऊ शकले असते. पण त्या चऱ्यांवर पिन लावायला माझा हात पुढे होईना.

"वहिनी, इकडे बघ," मी म्हटलं. खोक्यांवरून वाकून मी फोटो दोन्ही हातांनी धरला आणि तिच्याकडे फिरवला.

ती बघत राहिली. आधी पट्ट्यांकडे, मग चेनकडे. तिचं बोट चेन जिथे अडली होती तिथे जाऊन थांबलं. तिच्या चेनच्याही खाली.

"ही तू?"

"मी."

"लागलीच नव्हती?"

"नाही. आमच्यात असंच करतात. मला कधी वाटलंच नाही गं, की कोणी..."

तिचं बोट वर सरकलं, माझ्या कानाशी गेलं. "हा फोन कोणाचा?"

"तुझा."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली, आणि मग आणखी एक. "मेले! मी उपाशी झोपत होते! रात्रभर झोप लागायची नाही मला भुकेने, आणि तू मला विचारतेस, काय करतेस ते सांग म्हणून?" तिचा आवाज फुटला. मी तशीच उभी राहिले. मारलं असतं अजून तरी चाललं असतं. ती परत फोटोकडे वळली. मग म्हणाली, "हा इथे कशाला? बाहेर का नाही?"

"मीच काढायला लावला."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते मला चापटीपेक्षा जास्त लागलं. मी दार उघडलं आणि हाक मारली, "हलूनको! शिडी आण."

तो आला, वहिनीची पाठ पाहिली, फोटो पाहिला, आणि पहिल्यांदाच मला "हलू नको" न म्हणता वाटेतून बाजूला झाला. आम्ही दोघांनी फोटो धरून बाहेर नेला. गर्दी वाट देत मागे सरकली. कंपनीची बाई समोरच उभी होती, हातात सरबताचा पेला. तिने फोटो पाहिला, ड्रेस ओळखला, आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. वर्षभराचं काम गेलं, हे मला तिथेच कळलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी फोटोची माझी बाजू मी खिळ्यापर्यंत उचलून धरली.

वळून बघते तर वहिनी माझ्यामागे उभी. जाकीट आत खोक्यावरच राहिलं होतं. पाठ तशीच, चेन तशीच उघडी. आईने ते पाहून तोंडावर हात ठेवला आणि दादा हातातलं बिस्किट घेऊन जागीच थांबला.

"जाकीट?" त्याने विचारलं.

"उकडतंय," ती म्हणाली. मग त्याच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि अख्खं तोंडात टाकलं. "अजून आहेत का? मला खूप भूक लागलीय."