चिमूटभर सैंधव

मी सैंधवाचा खडा बोलतोय, तोही विहिरीच्या तळातून. लिंबाएवढा उरलोय म्हणून हसू नका. माझ्या पाठीवरून डोंगर सरकलेत.

मी मूळचा समुद्र. तो आटला आणि मी थर होऊन गाळाखाली गाडला गेलो. युगं लोटली. मग हा आपला भूभाग सरकत सरकत उत्तरेच्या भूभागावर जाऊन धडकला. भिंतीशी सतरंजी रेटली की तिला घड्या पडतात, तशा खडकांना पडल्या आणि हिमालय उभा राहिला. मी पडलो निसरडा. खडकांचे थर माझ्यावरून घसरत वर चढले, त्यांच्यासोबत मीही पंजाबच्या टेकड्यांत वर आलो. पुढे खाण, साहेबाची आगगाडी, मध्यप्रांत ओलांडून अकोला आणि शेवटी तेल्हाऱ्याचा बाजार.

तिथं मला खुशालराव माळ्याच्या मैनाबाईनं घेतलं. नवरा-बायको विहीर खणत होती. गोड पाणी लागलं तरच त्यांची वांगी-मेथीची वाडी जगणार होती. पाणी लागेस्तोवर तिनं सोमवार धरले. उपासाला साधं मीठ चालत नाही, म्हणून भगरीत माझी चिमूट.

चौदाव्या सोमवारी पाणी लागलं. मैनाबाईनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. खारं!

शेजारची माणिकबाई फटकन बोलली, “तोंडात मीठ धरून देवाले गोड पानी मांगते का कोनी?”

ते मैनाबाईच्या काळजात रुतलं. खुशालरावानं परोपरीनं समजावलं, “काहून रडून राहिली? हा पट्टाच खारा हाये.”

“नाही जी. म्या मीठ खाल्लं, म्हून झालं.”

खरं काय ते मला ठाऊक होतं. उत्तरेला सातपुडा दिसतो ना, तो उचलला गेला तेव्हा इकडची जमीन खचली. त्या खोलगटात गाळ भरला आणि खार तिथंच कोंडून राहिला. बिचारीच्या जन्माच्या कितीतरी आधी! पण खड्याला वाचा कुठली?

दुसऱ्या दिवशी तिनं मला विहिरीत सोडलं. “घे देवा, तुयं तुले. आता तरी राग सोड.”

तेव्हापासून ती अळणी भाकर खाते. वाडी वाळून गेली, तरी रोज सकाळी येऊन पाणी चाखते. फार वाईट वाटतं हो. डोंगर अंगावर आले तेव्हा मी हूं की चूं केलं नाही, पण हे सोसवत नाही.

मी आता विरत चाललोय. तुम्ही तरी तिला सांगा, बाई, चूक तुझी नव्हती. लवकर सांगा. आज तिनं चाखलेल्या घोटात थोडासा मीही होतो.