बांगड्याचा डबा

दुर्वाच्या डब्यात तळलेला बांगडा निघाला, म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर जिन्यावर बसून जेवायला लावलं. तेही एक दिवस नाही, चांगलं आठवडाभर! तिच्या आईला, मेघनाला, हे कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा हात धरून ती तडक शाळेत गेली आणि हेडबाईंच्या टेबलावर तिनं डबा आपटला.

"माझ्या पोरीच्या शेजारी बसून कोण बाटतं हो? म्युनिसिपालटीची शाळा आहे ही, तुमचं देवघर नाही. सगळ्या पोरांना सारखंच वागवायचं, कायदा आहे तसा!"

हेडबाई नरमल्या. दुर्वा वर्गात परत बसली. लालबागच्या त्या चाळीत संध्याकाळभर मेघनाचंच कौतुक चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुर्वा उड्या मारतच घरी आली. "आई, मी प्रज्ञालापण आत आणलं! ती बिचारी कधीपासून जिन्यावरच जेवायची. आज आम्ही दोघी माझ्याच डब्यात जेवलो."

"प्रज्ञा कोण? आडनाव काय तिचं?"

दुर्वानं आडनाव सांगितलं. जात कळायला मेघनाला तेवढं पुरे होतं. तिनं डबा मोरीत नेला, घासला, वर कढत पाणी ओतलं आणि पुन्हा घासायला घेतला.

"उद्यापासून तिच्याबरोबर जेवायचं नाही. कळलं?"

दुर्वा मोरीच्या कडेला उभी राहून आईच्या हातांकडे बघत राहिली.

"आई, तिच्या शेजारी बसून मी बाटले का गं?"