भाड्याची भीती

मी भोंगा बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोललो, आज जरा माझं ऐका.

एका जुन्या जीपच्या टपावर माझा जन्म गेला. जीपचा मालक आणि ड्रायव्हर एकच, त्याला सगळे मामा म्हणतात. पूर्वी मी चादरींचा सेल सांगायचो, हरवलेल्या मुलांची वर्णनं सांगायचो. मूल सापडलं की मामा माझी पाठ थोपटायचा. सुखाचे दिवस होते हो ते!

मग निवडणूक आली. सकाळी एका पक्षाची रेकॉर्ड: "अंधार पडल्यावर तुमची लेक सुखरूप घरी येईल का? विचार करा!" दुपारी विरोधी पक्षाची. म्हटलं, आता तरी नळाचं पाणी, रस्त्यातले खड्डे काहीतरी येईल. कसलं काय! तीच लेक, तोच अंधार, फक्त चिन्ह वेगळं. ओरडून ओरडून माझं डोकं उठलं. आमच्या भागात शेवटची चोरी झाली ती एका सायकलची, आणि तीसुद्धा शेजाऱ्याने न विचारता नेलेली निघाली.

लोक वैतागून खिडक्या लावून घ्यायचे. पण गाडी चालवणारा कुठे जाणार? दिवसभर तेच तेच मामाच्या कानावर पडत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मामाची मुलगी संध्याकाळी नर्सिंगच्या क्लासला जायची. एके दिवशी गाडीतून उतरता उतरताच तो तिला म्हणाला, "उद्यापासून क्लास बंद. दिवस बरे नाहीत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत."

"बाबा, अहो तुम्हीच तर ते गावभर वाजवत फिरता! भाडं घेऊन!"

"एक पक्ष खोटं बोलेल गं. दोन्ही कसे बोलतील?"

मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात. मुलगी रडली, भांडली. तिची आई मध्ये पडली. मामा हटला नाही. परीक्षा तोंडावर होती, ती बुडाली.

निकाल लागला, जिंकलेला जिंकला, हरलेला घरी गेला. मला काढून मामाने ओट्यावर ठेवलंय. समोरच्या रस्त्यावर संध्याकाळी पोरं खेळतात, बायका गप्पा मारत फिरतात. मामा ते सगळं बघतो आणि तरी आत जाऊन कडी लावतो. क्लासचे नवे प्रवेश या आठवड्यात बंद होणार आहेत.

म्हणून जिंकलेल्या साहेबांना आणि हरलेल्या साहेबांनाही माझं सांगणं आहे. घाबरवायला मला नेलंत ना? मग 'आता घाबरू नका' हे कोण सांगणार? फुकट बोलतो मी. एकच फेरी मारा, आमच्याच गल्लीतून. मामा माझं ऐकतो हो. लेकीचं ऐकत नाही.