अबोल्यात सापडलेला हँडब्रेक

मी हँडब्रेक. घरी केलेले केक गिऱ्हाइकांना पोचवायच्या गाडीत दोन सीटांच्या मधोमध माझी जागा. एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला सासूबाई. तेव्हा माझ्या कानावर काय काय येत असेल, तुम्हीच समजून घ्या.

नवा होतो तेव्हा जरा कटकट केली की गाडी जागची हलायची नाही. पुढे ढिला पडलो. सासूबाईंचे चिरंजीव, म्हणजे सूनबाईंचे यजमान, दरवेळी माझी केबल आवळत आणि हात झटकत. खरं दुखणं मागच्या चाकांच्या ड्रममध्ये होतं. ड्रमला आतून दाबून चाक धरणारे ब्रेक शू पार झिजले होते. पण चाक काढायचं म्हणजे कपडे मळतात ना!

त्यात घरात अबोला. सासूबाईंनी केकवर काढलेला गुलाब सूनबाईंनी 'जुनाट दिसतो' म्हणून परस्पर खरवडला होता. तेव्हापासून दोघींचे निरोप चिरंजीव पोचवत.

एकदा उतारावर मला ओढून सूनबाई गिऱ्हाइकाचं दार वाजवायला उतरल्या. सासूबाई मांडीवर केक घेऊन आत. गाडी निघाली. सासूबाईंनी एका हाताने केक धरला, दुसऱ्याने मला आणखी ओढलं. माझ्यात दम कुठला? गाडी सावकाश जाऊन कुंपणाच्या झुडपात टेकली. सूनबाई धावत आल्या, चेहरा पांढराफटक.

"मला कुठे न्यायचं असेल तर सांगून न्यावं," सासूबाई म्हणाल्या. महिन्याभरातलं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी बाह्या सरसावल्या. पुढच्या चाकांना दगडांची अडण लावली, मागची बाजू जॅकवर उचलली, मला सोडून ड्रम काढले, नवे शू बसवले. मग ड्रम परत चढवून शूंमधली दातेरी चक्री फिरवून ते ड्रमला जेमतेम घासतील इतके जवळ आणले आणि किंचित मागे घेतले. केबलची पाळी शेवटी. त्याला मात्र माझ्यापाशी एक माणूस लागतं, चाकापाशी एक. चिरंजीव नेमके बाहेर. मग सासूबाईच येऊन माझ्यापाशी बसल्या.

"ओढा."

"ओढला."

"सोडा."

"सोडला. फिरतंय?"

"मोकळं फिरतंय. परत ओढा."

मला ओढता ओढता सासूबाई म्हणाल्या, "तो गुलाब जरा मोठाच झाला होता."

चाकामागून पान्हा खाली ठेवल्याचा आवाज. मग उत्तर, "पाकळ्या सुरेख जमतात तुम्हाला. सोडा."

संध्याकाळी त्याच उतारावर माझी परीक्षा. सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही उतरा." सासूबाई हलल्या नाहीत. "एकटीला जाऊ देईन होय?" सूनबाईंनी ब्रेकवरचा पाय काढला. मी धरून ठेवलं. दोघी तशाच बसून राहिल्या, उतरायची घाई कुणालाच नव्हती.

आता माझं झकास चाललंय. एवढंच मागणं आहे: तुमचा हँडब्रेक ढिला पडला तर केबल आवळण्याआधी मागची चाकं उघडून बघा. आणि मदतीला, ज्याच्याशी बोलत नाही, त्यालाच बोलवा.