तेरांकडे गेलेला भाऊ

चॅपलमधून रग्बी क्लबपर्यंत जायचं म्हणजे नुसता उतार. नेस्टा नव्या नवऱ्याचा हात धरून पुढे चालली होती, मागून अख्खं क्वम एथिन गाव चहाच्या वासावर निघालं होतं. टेकड्यांवर अजून हिवाळ्याचा तपकिरी रंग होता, पण मेंढ्यांना पिल्लं झाली होती आणि वाऱ्यात कोळशाच्या धुराबरोबर ओल्या गवताचाही वास होता. क्लबच्या फाटकाशी आल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तिचा भाऊ एम्लिन रस्त्याच्या पलीकडेच थांबला होता. उत्तरेत शिवलेला चांगला कोट अंगावर, आणि हात खिशात, जसे लहानपणी मार खाण्याआधी असायचे तसे.

"जा तू," तो म्हणाला. "मी इथे उभा राहतो जरा. ऊन छान आहे."

ऊन बिन काही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एम्लिन पंधरांचा खेळ सोडून तेरांच्या खेळाकडे गेला. रग्बी तीच, चेंडू तोच लांबोळका. पण या खोऱ्यात पंधरा जण खेळतात ते जिवाच्या हौसेनं, आणि तिकडे उत्तरेत, यॉर्कशरमध्ये तेरा जण खेळतात ते पगार घेऊन. एकदा तेरांचा पगार घेतला की पंधरांच्या क्लबचा उंबरा जन्माचा बंद. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, आत बसून पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आणि क्वम एथिनमध्ये लग्नाचं जेवण घालता येईल अशी क्लबखेरीज दुसरी जागा नव्हती.

त्यात नेस्टाचे बाबा, इडवल, त्याच क्लबचे अध्यक्ष. एम्लिन गेला त्या वर्षी देशाच्या संघाची निवड करणारे लोक त्याला बघायला दोनदा येऊन गेले होते. लाल जर्सी जवळजवळ अंगावर चढलीच होती. आणि एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, मी तुमचा खोकला ऐकत मोठा झालो. मला खाणीत उतरायचं नाही. तिकडे खेळाबरोबर उजेडातली नोकरी देतायत." बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आजसुद्धा चॅपलमध्ये त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, फक्त एम्लिन बसला होता तो शेवटचा बाक सोडून.

नेस्टाला लग्नात दुसरं काही नको होतं. बाबा आणि एम्लिन एका छपराखाली दिसावेत, एवढंच.

"मग मीही इथेच उभी राहते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नवरीला ऊन आवडतं."

इतक्यात क्लबच्या बाजूचं पत्र्याचं दार उघडलं आणि ऑल्वेन आत्या बाहेर आली. बाबांची थोरली बहीण. अंगावर लग्नाचा निळा झगा, त्यावर पिठाने माखलेला एप्रन.

"एम्लिन, इकडे ये. कपबशांचा डोंगर झालाय आणि माझ्या पोरींचे हात थिटे पडतायत."

क्लबचे सेक्रेटरी हॅडन क्लबच्या दारातच होते. ते खाकरले. "ऑल्वेनबाई, नियम म्हणजे नियम."

"नियम क्लबचा ना? मग क्लबात पाळा. हे स्वयंपाकघर क्लबचं नाही. भिंतीच्या या बाजूची जमीन चॅपलची, वरचे पत्रे आम्ही बायकांनी केक विकून बसवलेत. तुमच्या घटनेत आमच्या मोरीचं नाव कुठे असेल तर दाखवा."

हॅडननी फाटकाशी आलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी काढली, ती झटकली आणि ते आत गेले. हॅडननी तोच होकार समजला. गरीब माणूस, त्यालाही भूक लागली होती.

तर असा एम्लिन बहिणीच्या लग्नाला आला, पण वऱ्हाडात नव्हे. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये चहा द्यायची एक रुंद खिडकी होती. खिडकीच्या पलीकडे तो बाह्या दुमडून, आत्याचा फुलाफुलांचा एप्रन बांधून बशा विसळत होता, आणि अलीकडे नेस्टा लांब टेबलाच्या मधोमध बसली होती. मान जरा तिरकी केली की तिला त्याची पाठ दिसे.

क्वम एथिनमधल्या पुरुषांनी आपला कप आपण उचलल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र जो तो उठे, रिकामा कप घेई आणि खिडकीशी जाई. काहींनी तर अर्धा चहा तसाच कुंडीत ओतला.

"काय रे, तिकडे दोन माणसं कमी, मग उरलेल्या जागेत करता काय? मेंढ्या चारता?"

"पळतो, ग्रिफ काका. तुमच्या वेळी ती पद्धत नव्हती."

"आणि स्क्रममध्ये म्हणे चेंडूसाठी रेटारेटी नाही, नुसता गळ्यात गळा घालायचा?"

"इथं वीस मिनिटं चिखलात लोळून चेंडू शोधता, त्यापेक्षा बरं."

"शोधण्यातच मजा असते, गाढवा," काका म्हणाले आणि कप देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

नवरदेव रॉड्रीसुद्धा उठला. शाळेपासून रॉड्री चेंडू फेकायचा आणि एम्लिन झेलायचा. बघायचीसुद्धा गरज पडत नसे. एम्लिन गेल्यावर त्या जागेवर चार जण आले नि गेले.

"माझा चेंडू हल्ली हवेतच राहतो," रॉड्री म्हणाला.

"मग जरा खाली फेक. नवीन पोरगा बुटका आहे."

"तुला कसं माहीत?"

एम्लिनने बशी फिरवून फिरवून पुसली. "टेकडीवरच्या रस्त्यावरून मैदान दिसतं. मागच्या महिन्यात आलो होतो. गाडीतून उतरलो नाही."

नेस्टाने हे ऐकलं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बाबा बसले होते, त्यांनीही ऐकलंच असणार. त्यांचा कप तसाच समोर होता, चहा गार होऊन वर साय धरली होती. सगळ्या हॉलमध्ये तेवढा एकच कप उठला नव्हता.

"बाबा, चहा बदलून आणू?"

"नको."

"मी नाही आणत. तुम्हीच जा."

"नेस्टा," बाबा हळू म्हणाले, "तुझं लग्न आहे. आज माझ्याकडे काही मागू नकोस, मी देऊन बसेन."

तिने त्यांच्या बशीतला मनुकांचा केक उगाच दोन तुकड्यांत मोडला.

मग ग्रिफ काकांनी टेबलावर चमचा वाजवला. केक कापायच्या आधी नवरीच्या बापाने लेकीची पाठवणी गायची, हा खोऱ्याचा रिवाज. लेक दोन गल्ल्या पलीकडे जात असली तरी गायची. बाबा उठले. एके काळी त्यांच्या आवाजाने चॅपलच्या काचा थरथरायच्या. आता छातीत खाण बसली होती. तरी पहिली ओळ त्यांनी नीट उचलली, हळूच, झोपलेलं मूल उचलावं तशी:

*लेक चालली सासरी, तिच्या ओंजळीत ऊन,*
*मागे सावलीची खूण दारापाशी.*

खिडकीपलीकडचं भांड्यांचं वाजणं थांबलं.

*नदी निघाली सागरा, तिला म्हणू नये थांब,*
*जाईल तेवढी लांब—*

इथे श्वास संपला. बाबांनी टेबलाची कड धरली. तोंड उघडं होतं, ओळ ओठांवर होती, पण खालून वारा येईना. नेस्टा अर्धवट उठली. कुणीच हललं नाही. बापाच्या गाण्यात दुसऱ्याने सूर घालायचा नसतो, घालायचा तर त्याच्याच रक्ताने.

आणि खिडकीपलीकडून, नळाच्या धारेतून, तोच आवाज आला. बाबांचाच, पण तीस वर्षांपूर्वीचा.

*—माझंच पाणी.*

ओळ पुरी झाली आणि हॉलच्या छताशी रेंगाळत राहिली. हॅडन आपल्या बुटांकडे बघत होते. नियम उंबऱ्याचा होता. आवाजाचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी रुमालाने तोंड पुसलं. पुढचं कडवं त्यांनी घेतलंच नाही. खुर्ची मागे सारली आणि कुणाकडे न बघता, सगळ्यांच्या मधून, समोरच्या दाराने ते बाहेर पडले. दार त्यांच्या मागे बंद झालं.

"गेले," नेस्टा म्हणाली. रॉड्रीने तिचा हात धरला. तिला वाटलं, आपणच ताणलं. एका दिवसासाठी भाऊ आणला आणि बाप घालवला. आता ते चढावर असतील, दर दिव्याच्या खांबाशी थांबत, दम खात. तिने उठण्यासाठी झगा सावरला.

तेवढ्यात खिडकीपलीकडे पत्र्याचं दार वाजलं.

"इडवल, बूट पूस," आत्याचा आवाज आला. "आत्ताच फरशी धुतलीय."

नेस्टा खिडकीशी गेली. बाबा पायपुसण्यावर उभे होते. त्यांनी बूट पुसले, एक, मग दुसरा, नको इतक्या नीट. अध्यक्षांचा कोट काढून खिळ्याला टांगला. उभ्या आयुष्यात त्या पत्र्याखाली ते कधी आले नव्हते, त्यामुळे फडकं कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं. एम्लिनने आपल्या खांद्यावरचं काढून पुढे केलं. बाबांनी ते घेतलं.

एक विसळत होता, दुसरा पुसत होता.

"पहिल्या वर्षी," बाबा कपाच्या आत बघत म्हणाले, "तुझा खांदा निखळला होता म्हणे."

"बसला परत."

"दुखतो?"

"थंडीत."

"लोकरीचं काही बांधत जा." कप पुसून झाला होता, तरी ते पुसत राहिले. "तिकडे थंडी फार."

"आत्याच्या मोरीपेक्षा कमी."

आत्या काहीतरी पुटपुटली. बाबांच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. खोकला असेल असं वाटून नेस्टा पुढे वाकली, पण तो खोकला नव्हता.

हॉलमधून कुणीतरी ओरडलं की केक कापायचा कधी. नेस्टाने केकचं ताट उचलून खिडकीच्या फळीवर आणून ठेवलं आणि रॉड्रीला इकडेच बोलावलं. सुरी एम्लिनने दिली, धुऊन, मुठीकडून.