अर्ध्या ओवीची डिस्क

नारळ फोडला की पहिलं पाणी अवजाराला, मग माणसांना. आगाशीत यमुनाबाईंच्या घरी ही रीत वाडीइतकीच जुनी. दसऱ्याला विहिरीवरचा पंप धुऊन-पुसून ठेवायचा, कोयत्याला कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि नारळाचं ओंजळभर पाणी पंपाच्या डोक्यावर सोडायचं. वर्षभर जे आपल्यासाठी राबलं त्याची तहान आधी भागली पाहिजे, असं त्या म्हणत. पंप काही ते पाणी पिऊन कधी आजारी पडला नव्हता.

दोन हजार एकच्या दसऱ्याला त्यांनी तीच माया सुनेच्या कॉम्प्युटरवर केली.

सून नेत्रा साताऱ्याकडची. लग्न होऊन आगाशीला आली, इथली बोली कानात मुरवली, केळ्यांची सुकेळी वाळत घालायला शिकली, आणि मग घराच्या पुढच्या पडवीत तिनं लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान मांडलं. बाजारात पत्रिका करणारे आणखीही होते. पण नेत्राच्या पत्रिकेवर दर घरी तोच तो श्लोक नसे. एक ओवी असे, नवरीच्या दारात शोभेल अशी. ती ओवी यमुनाबाईंची. नेत्रा विचारून घ्यायची, मुलीच्या घरची वाडी कसली, केळीची की पानवेलीची, आई आहे का, पाठीला भाऊ आहे का. मग सासूबाई भाजी निवडता निवडता दोन ओळी सोडायच्या, जशी शेंगेतून दाणे सोडावेत. नेत्रा त्या टाईप करून वाचून दाखवायची. पसंत पडलं तर मान हलायची, नाही पडलं तर नाक मुरडायचं.

दसऱ्याच्या सकाळी पडद्यावर सांडोरच्या चंद्रकांताबाईंच्या लेकीची पत्रिका होती. घर पानवेलीच्या वाडीचं, मुलगी एकुलती. यमुनाबाईंनी पहिली ओळ दिली:

माहेरची नागवेल, लेकीनं सासरी नेली

दुसरी ओळ ओठांवर आलेली नेत्राला दिसत होती. पण तबकातलं निरांजन वाऱ्यानं फडफडायला लागलं, तशा त्या म्हणाल्या, पूजा होऊ दे, मग देते. नेत्रानं होती तेवढी ओळ सेव्ह केली आणि अक्षता आणायला आत गेली. मशीन चालूच होतं. यमुनाबाईंनी ओट्यावर नारळ फोडला, ओंजळ भरली, आणि झेंडूची माळ घातलेल्या त्या पांढऱ्या डब्यावर, हवा जायच्या फटींवर, पाणी सोडलं.

आत काहीतरी फटकन वाजलं. जळका वास आला. पडदा काळा झाला.

यमुनाबाई हातात नारळाची भकलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. बोलायला हवं होतं, असं नेत्राला नंतर वाटलं. कारण त्या दिवसापासून त्यांनी पडवीचा उंबरा ओलांडला नाही. चहा आणायच्या तोही उंबऱ्यावर ठेवायच्या. दुसरी ओळ विचारली तर म्हणायच्या, "मला नाही आठवत."

क्लेमेंट सांडोरचा. वसई स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं डबा उघडला, आतल्या बोर्डावरचे चिकट डाग बघितले, आणि गेलेल्या माणसाच्या घरी बोलावं तसा हळू आवाजात बोलला. बोर्ड मेला होता. मात्र हार्ड डिस्क वाचली होती. आडोशाला होती, तिच्यापर्यंत पाणी पोचलं नव्हतं. त्यानं ती वायर जोडून नेत्राच्या कानाशी धरली. आत बारीक घरघर होती, झोपलेल्या मांजरासारखी.

नेत्राचा नवरा परेश मुंबईला नोकरीत. त्याच्या ऑफिसात जुनी मशीनं काढून टाकत होते, त्यातलं एक त्यानं आणलं. नव्यानं सुरुवात कर, म्हणाला, ती डिस्क विसर. बायकोचं दुःख लवकर संपावं एवढाच त्याचा हेतू होता. पण नव्यानं सुरुवात करणं म्हणजे काय, हे नेत्राला ठाऊक होतं.

मराठी अक्षरांचा तिचा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून घातलेला होता. घालताना तो एक किल्लीची फ्लॉपी मागायचा, आणि मगच त्या डिस्कवर घर करायचा. ती किल्ली खाऱ्या हवेनं बुरशी धरून केव्हाच निकामी झाली होती. प्रोग्रॅम विकणारा माणूस दुकान गुंडाळून कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. फायलींची नक्कल दुसरीकडे उतरवता येत होती, क्लेमेंटनं उतरवलीही. पण तो प्रोग्रॅम नसेल तर त्या फायली म्हणजे कुलूपबंद पेट्या. तिनं काढलेले तोरणांचे आणि केळीच्या खांबांचे वेल, घराघरासाठी जमवलेल्या ओव्या, सगळं त्या एका डिस्कवर होतं. ती पुसली की पडवीतलं दुकान संपलं. तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होणार, आणि चंद्रकांताबाई पत्रिकेसाठी येणार.

म्हणून ती डिस्क न पुसता, आहे तशी, परेशच्या मशीनमध्ये जिवंत व्हायला हवी होती.

क्लेमेंटनं जोडून बघितली. विंडोजचं ढगांचं चित्र आलं, नेत्राचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मशीननं तक्रारी सुरू केल्या. हे नवीन सापडलं, ते नवीन सापडलं, अमुक फाईल द्या, तमुक सीडी घाला. मग पडदा निळा झाला आणि गोठला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

"वहिनी, ही डिस्क म्हणजे नवीन सून आहे," क्लेमेंट म्हणाला. "दर गोष्टीला 'आमच्याकडे असं नव्हतं' म्हणते. जुना बोर्ड शोधते, जुनं स्क्रीनचं कार्ड शोधते. फॉरमॅट मारतो, पार पुसून टाकतो, सगळं विसरेल."

"सुनेला सगळं विसरायला लावता तुम्ही सांडोरचे?"

क्लेमेंट हसला. "मेरीला विचारा. ती म्हणते, मीच सगळं विसरलोय." मेरी त्याची बायको. मग तो गंभीर झाला. अशी डिस्क दुसऱ्या घरात नांदलेली त्यानं क्वचित बघितली होती. बहुतेक वेळा पुसूनच टाकावी लागते, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

नेत्रानं डिस्क परत मागून घेतली. जायच्या आधी त्याच्याकडून एक काम मात्र करून घेतलं. त्याच्या दुकानातल्या मशीनला ती डिस्क पाहुणी म्हणून जोडायला लावली आणि विंडोजच्या सीडीवरचं सामान तिच्यावर उतरवून घेतलं. सारखी सीडी मागते ना, मग तिची शिदोरी तिच्याच पदरात बांधलेली बरी.

तरीही घरी आल्यावर मशीन गोठलंच. शिदोरी उघडायच्या आतच पडदा निळा व्हायचा. परेश संध्याकाळी यायचा, निळा प्रकाश बघायचा, चप्पल काढून आत जायचा. एकदा मात्र म्हणाला, हट्ट आहे हा. नेत्रा म्हणाली, हो, आहे. आणि पुन्हा बटण दाबलं.

क्लेमेंटची थट्टा तिच्या डोक्यातून जाईना. जुनं घर शोधते. नेत्राला आपले पहिले दिवस आठवले. इथल्या स्वयंपाकघरात ती कितीदा तरी मिठाला हात घालायला गेली होती आणि हाती हळद आली होती. कारण माहेरी मीठ त्या कोनाड्यात असे. तेव्हा तिला स्वयंपाक विसरायला कुणी सांगितलं नव्हतं. विसरायचा होता तो फक्त कोनाडा.

रविवारी दुपारी परेश वाडीत गेला, आणि तिनं मशीन सुरू होता होता वरच्या ओळीतलं बटण दाबून धरलं, क्लेमेंटनं दाखवलं होतं तसं. तसं केलं की मशीन अंगावरचे दागिने उतरवून, साध्या लुगड्यात येतं. आलं. पडदा भकास, अक्षरं ढोबळ, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. पण गोठलं नाही. तिनं आतल्या सामानाची यादी उघडली, आणि बघतच राहिली.

सगळं दोन-दोन होतं. जुनं पडद्याचं कार्ड आणि नवं पडद्याचं कार्ड. जुना आवाज आणि नवा आवाज. बोर्डाचे जुने तुकडे नावानिशी हजर, तिथं नसलेले, दसऱ्याला मेलेले. डिस्क रोज उठून आधी त्यांना हाका मारत होती. ओ येत नाही म्हणून तिथंच थिजून बसत होती.

नेत्रानं पहिल्या जुन्या नावावर बोट नेलं आणि थांबली. चुकीचं काढलं तर कदाचित हेही उघडणार नाही. पडवीच्या उंबऱ्यावर चहाचा कप टेकल्याचा आवाज झाला.

"आई, आत या."

"नको. माझा हात वाईट."

"तुमचाच हात हवाय."

यमुनाबाई आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. नेत्रानं खुर्ची फिरवली आणि त्यांना समजेल असं सांगितलं. आत जुन्या घरातली माणसं अजून नोंदलेली आहेत. ती आता नाहीत, पण याला ते कळलेलं नाही. याला ते सांगायचंय. बाकी कशाला धक्का लावायचा नाही.

यमुनाबाईंनी उंबऱ्यावरूनच मान वाकवून पडद्याकडे बघितलं. त्यांचे सासरे गेले तेव्हा सासूबाई महिनाभर रोज एक ताट जास्तीचं वाढायच्या, असं त्या म्हणाल्या. कुणी टोकलं नाही. मग एके दिवशी यमुनाबाईंनीच ते ताट उचललं. "रडल्या, पण जेवल्या त्या दिवशी."

"मग उचला," नेत्रा म्हणाली.

त्यांनी उंबरा ओलांडला. पदराला हात पुसले, दोनदा पुसले, कोरडे असतानाही. नेत्रानं एकेक जुनं नाव दाखवावं, खात्री करावी, आणि यमुनाबाईंचं बोट धरून माउसच्या बटणावर ठेवावं. मशीन दर वेळी विचारायचं, नक्की काढू का? त्या दर वेळी नेत्राकडे बघायच्या. कार्ड गेलं, आवाज गेला, बोर्डाचे तुकडे एकेक करून गेले. शेवटी शेवटी त्या बघेनाशा झाल्या. वाडीतलं तण उपटावं तसं बोट आपसूक चालायला लागलं.

मग मशीन बंद केलं. पुन्हा सुरू केलं.

ढग आले. 'नवीन सापडलं' अशी पाटी आली. मशीननं फाईल मागितली, तिनं पदरातली शिदोरी दाखवली, त्यानं घेतली. पुन्हा पाटी. पुन्हा शिदोरी. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आलेल्या मुलीला एकेका माणसाची ओळख करून द्यावी, हे सासरे, ही जाऊ, हा धाकटा दीर, तसं चाललं होतं. मधेच मशीन स्वतःहून बंद झालं. यमुनाबाईंनी नेत्राचं मनगट धरलं. ते स्वतःहूनच परत सुरू झालं. आणखी दोन पाट्या, मग एकदम पडद्याला रंग आले, अक्षरं रेखीव झाली, आणि कोपऱ्यात नेत्राच्या दुकानाच्या नावाचं फोल्डर जागच्या जागी बसलेलं दिसलं.

ती अजून हसली नाही. तिनं अक्षरांचा प्रोग्रॅम उघडला. घर बदललंय असं वाटलं असतं तर त्यानं इथंच किल्ली मागितली असती. त्यानं मागितली नाही. आपलं घर तेच आहे असं त्याला वाटलं, आणि खरंच ते तेच होतं.

पत्रिका उघडली. चारी बाजूंनी पानवेलीची नक्षी, मधे एक ओळ, आणि तिच्याखाली रिकाम्या जागेत उघडमीट करणारी बारीक काडी.

नेत्रानं ओळ वाचून दाखवली, नेहमीच्या सवयीनं, नेहमीच्याच आवाजात. "माहेरची नागवेल, लेकीनं सासरी नेली."

दुसरी ओळ विचारली नाही. बाहेर परेशनं पंप चालू केल्याचा आवाज आला.

यमुनाबाईंनी थंड झालेला चहा उचलला, एक घोट घेतला, नाक मुरडलं. ते चहाला होतं की ओळीला, कळायला मार्ग नव्हता.

"लिही," त्या म्हणाल्या. "मांडव परका गं, पानं मायेचीच आली."

नेत्रानं लिहिलं, आणि लगेच सेव्ह केलं.