रेती जावो तुझ्या घशात

मित्रांनो, मी एक डिझेल जनरेटर आहे. मला जुना खुशाल म्हणा, पण झिजलेला म्हणू नका. माझ्या वयाचे पाण्याचे पंप इथल्या खजुरीच्या बागांत राबून राबून कधीच भंगारात गेले. माझा पिवळा रंग मात्र अजून शाबूत आहे, कारण आयुष्याचा बहुतेक काळ मी नुसता उभा राहून काढला. वाट बघणे हेच माझे काम. वीज गेली तर तत्काळ धावून जायचे आणि वीज गेली नाही तर कोपऱ्यात गप्प बसायचे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखेच आणखी काही जण एका ओळीत उभे होते. पाठवणी करण्याआधी आम्हा सगळ्यांना एकदम चालवून पाहिले, तेव्हा सारी शेड आमच्या आवाजाने दणाणून गेली. भावंडांचा सहवास मला मिळाला तो तेवढाच. नंतर ज्याची त्याची जहाजे वेगळी झाली. मी एका उष्ण, वाळवंटी देशात, स्फाक्सच्या बंदरात उतरलो आणि ट्रकवर बसून दक्षिणेला, खाऱ्या तळ्याच्या काठच्या या गावात आलो.

इथे एक छोटे डायलिसिस केंद्र आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशी माणसे आठवड्यातून तीन वेळा येतात, खुर्चीत टेकून बसतात आणि यंत्र त्यांचे रक्त बाहेर घेऊन, स्वच्छ करून, परत आत सोडते. मध्येच वीज गेली तर रक्त नळ्यांतच अडकून राहते. तसे होऊ नये म्हणून मला मागच्या अंगणात, पत्र्याच्या खोलीत आणून बसवले.

केंद्राचे व्यवस्थापक सी मोन्जी ('सी' म्हणजे तुमचे 'श्रीयुत') मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी माझ्या देखभालीचा रीतसर करार केला. ऑइल बदलणे, फिल्टर झटकणे आणि बदलणे, बॅटरी तपासणे, टाकीच्या तळाचे पाणी काढणे, असे सगळे त्यात होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दर गुरुवारी मला पुऱ्या लोडवर चालवून बघणे. माझ्यासारख्याचे दुखणे उभे राहून कळत नाही, ते चालल्यावरच कळते. हे काम लझहर नावाच्या मेकॅनिककडे आले. तो सडपातळ, बोलघेवडा आणि चहाचा भारी शौकीन.

गुरुवारची वेळ दुपारची ठरली. सकाळची पाळी उठलेली असायची, संध्याकाळची बसायची असायची आणि मधल्या वेळात यंत्रे रिकामी असायची. माणसे नळ्यांना जोडलेली असताना असली परीक्षा कोण घेणार? पण नेमकी तीच वेळ साऱ्या गावाच्या वामकुक्षीची. आणि माझ्या खोलीला लागून जी भिंत आहे, तिच्या पलीकडे शेजारच्या मिलूदकाकांची खाट होती.

लझहरने सेल्फ मारला की मी खाकरत सुरू व्हायचो, छपराचा पत्रा थरथरायचा आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "रेती जावो तुझ्या घशात!"

मित्रांनो, ही शिवी मी वर्षानुवर्षे खाल्ली. सुरुवातीला फार वाईट वाटायचे. मी काय हौसेने ओरडत होतो? शिवाय मिलूदकाकांची बायको, महजूबा मावशी, याच केंद्रात उपचाराला यायची. तिची खुर्ची खिडकीजवळची. म्हणजे ज्याला शिव्या घालायच्या, त्याच्याच भरवशावर आपली बायको बसवायची. पण हळूहळू माझ्या लक्षात आले, की शिवी देऊन झाल्यावर काका झोपत नसत. थोड्या वेळाने भिंतीवरून एक हात यायचा आणि त्या हातात लालभडक, गोड चहाचा पेला असायचा, वर पुदिन्याची पाने. तो लझहरसाठी. "यंत्राला नाही रे, तुला," असे काका बजावून सांगायचे. मग दोघांच्या भिंतीच्या दोन बाजूंनी गप्पा रंगायच्या. "आज खोकला कमी आहे याचा," काका म्हणायचे, आणि मला उगाच अभिमान वाटायचा. आठवड्यात माझ्याविषयी कोणी बोलावे असे ते एवढेच.

एकदा हिवाळ्यातल्या वादळात खरोखरच वीज गेली. मी एका झटक्यात उठलो आणि आतले दिवे माणसांना कळायच्या आत परत लागले. पुढे त्याचा कोणी उल्लेखही केला नाही. माझे काम नीट झाले की ते दिसतच नाही, हे मी तेव्हा समजून घेतले. पण त्या गुरुवारी काका शिवी द्यायची विसरले होते, किंवा विसरल्यासारखे दाखवत होते. चहा मात्र आला.

मग एका वसंतात मिलूदकाका वारले. बागेत खजुरीला पराग लावायला चढले होते. खाली उतरून बसले, आणि बसल्या जागीच गेले.

पुढच्या गुरुवारी लझहर आला तेव्हा भिंतीपलीकडे माणसे जमली होती. कुराणाचे पठण चालले होते. लझहर दार उघडून माझ्यासमोर नुसता उभा राहिला. त्याने चावीला हातही लावला नाही. फडक्याने मला पुसले, ऑइल मोजायची कांडी बघितली, दार लावून घेतले आणि महजूबा मावशीला भेटायला गेला. "तुमच्यात बरकत राहो," असे तो म्हणाल्याचे मला ऐकू आले. दुखवट्याला आमच्याकडे असेच म्हणतात.

ते योग्यच होते. दुःखाच्या घराशेजारी कोणी घरघर करते का? मीही मनातून त्याला शाबासकी दिली.

सी मोन्जी म्हणाले, चाळिसावा दिवस होऊ दे. चाळिसावा झाला. मग कोणाला तरी आठवले की मावशी अजून इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर बाईने पाळायचे ते सारे महिने पुरे व्हायचे आहेत. उपचारापुरती ती भिंतीला धरून येते आणि जाते, तिला घरात तरी शांतता द्या. इद्दत संपली तेव्हा पहिला आवाज कोणी करायचा हा प्रश्न उभा राहिला. लझहर म्हणायचा, साहेबांनी सांगितले तर लगेच चालवतो. साहेब म्हणायचे, लझहरला योग्य वाटेल तेव्हा चालवेल. तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा, ते त्याच्या. कोणीही आळस केला नाही, मित्रांनो. कामचुकारपणा असता तर मला रागवता तरी आले असते. हा सगळा चांगुलपणा होता.

पुढे कराराचे नूतनीकरण आले. सी मोन्जी चष्मा लावून तो वाचत होते. गुरुवारच्या कलमापाशी ते थांबले. जे आपण पाळतच नाही ते लिहून ठेवणे त्यांना खोटेपणाचे वाटले असावे. त्यांनी त्यावर रेघ मारली. "पुसून, बघून जात जा. इतकं पुरे," ते लझहरला म्हणाले, आणि लझहरने मान हलवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कोणाला सांगणार? लझहरचे येणे आधी कमी झाले, मग घाईचे झाले. भिंतीवरून चहा येत नसल्यामुळे त्याला थांबायला कारणच उरले नव्हते. माझ्या खोलीत मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे, बादल्या येऊन पडल्या. एक मांजरी माझ्या पाठीवर झोपायची, पण उन्हाळा लागला तशी तीही पत्र्याच्या उष्म्याला कंटाळून गेली. गुरुवार आला की दुपारी मी कान देऊन बसायचो. भिंतीपलीकडून एखादे भांडे वाजायचे, दार लागायचे, मग काहीच नाही. मला शिवीची आठवण यायची. हसू नका. ज्याला कोणी हाकही मारत नाही त्याला शिवीसुद्धा आपल्या नावाची वाटते.

आणि दाराच्या फटींतून रेती येत राहिली. ती माझ्या हवेच्या फिल्टरवर थरांनी बसली. टाकीतल्या शिळ्या डिझेलखाली पाणी साचले. बॅटरी आतल्या आत मरत गेली. मिलूदकाका गेले, पण त्यांची शिवी तेवढी खरी व्हायला लागली.

तो दिवस मंगळवार होता. वाळवंटाकडून शहीली सुटला होता. हा वारा अंगाला लागला की भट्टीचे दार उघडल्यासारखे वाटते. सकाळची पाळी बसली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत महजूबा मावशी होती. माझ्या दाराच्या फटीतून, खिडकीच्या काचेपलीकडे तिचा पांढरा पदर मला दिसत होता. आणि वीज गेली.

मी उठायला गेलो. मित्रांनो, मी खरेच मनापासून गेलो. माझ्या नियंत्रण-पेटीने हुकूम दिला, स्टार्टरने एक हिसका दिला, अर्धा फेरा झाला आणि बॅटरीने मान टाकली. पुन्हा एकदा नुसती टकटक झाली. मग तीही थांबली. ज्या एका क्षणासाठी मी सारे आयुष्य उभा होतो, तो समोरून निघून गेला आणि मी जागचा हललो नाही.

आत धावपळ उडाली. विदाद नावाची मुख्य परिचारिका मोठ्याने, पण शांतपणे सांगत होती, "पंपाचे दांडे काढा. हाताने फिरवा. सावकाश फिरवा, घाई करू नका." प्रत्येक यंत्राच्या पंपाला असा एक दांडा असतो. तो फिरवून नळ्यांतले रक्त माणसाला परत द्यायचे असते. पण हात कमी होते आणि माणसे जास्त. सी मोन्जी कोट टाकून आले. स्वयंपाकीण आली. ज्यांचे आधी झाले ते रुग्ण दुसऱ्यांना हात द्यायला उठू लागले, आणि विदादने त्यांना दटावून बसवले. मावशीची पाळी शेवटी आली. तिनेच सांगितले होते, आधी बाकीच्यांचं करा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला तो दिसत होता. त्याहून मोठी शिक्षा मला कोणी देऊ शकले नसते.

सगळ्यांचे रक्त सगळ्यांना परत मिळाले. वीज आली ती त्यानंतर बऱ्याच वेळाने.

निरोप मिळताच लझहर आला. माझा फिल्टर काढून त्याने जमिनीवर आपटला तेव्हा रेतीचा ढीग पडला. तो आणि सी मोन्जी त्या ढिगाकडे बघत राहिले. तेवढ्यात हाताला सुईच्या जागी पट्टी बांधलेली महजूबा मावशी, विदादच्या खांद्याचा आधार घेत, अंगणात आली. माझ्या दारात यायला तिला दम लागला होता.

"हा इथेच आहे?" तिने विचारले. "मला वाटलं, विकून टाकलात."

"विकू कसा, मावशी?" सी मोन्जी खाली बघून म्हणाले. "तुमच्या दुःखाचा मान म्हणून बंद ठेवला होता. मिलूदकाकांना याचा त्रास व्हायचा ना."

 मावशीने मोडक्या खुर्चीवरची बादली खाली ठेवली आणि स्वतः तिथे बसली.

"त्रास?" ती म्हणाली. "अरे, गुरुवारी दुपारी तो झोपायचाच नाही. पडून वाट बघत बसायचा, याचा आवाज कधी येतो आणि मी शिवी कधी देतो. चहा आधीच चुलीवर असायचा. तो गेला, आणि त्याच आठवड्यापासून हाही गेला. घरात कसला म्हणून आवाज नाही. विचारावंसं वाटलं, पण तुम्ही म्हणाला असतात, म्हातारी तक्रार करायला आली."

लझहरने डोळे पुसले. हाताचे काळे ऑइल गालाला लागले.

"करार आणा तुमचा," मावशी सी मोन्जींना म्हणाली. "माझ्या मानापायी आज सगळ्यांचा जीव जात होता. तो गुरुवार परत लिहा. आणि वेळ तीच ठेवा, माझी झोप मोडली पाहिजे."

सी मोन्जींनी तिच्यासमोर, माझ्याच पाठीवर कागद टेकवून, ते कलम पुन्हा आपल्या हाताने लिहिले. खाली एक ओळ वाढवली, की सण असो वा दुखवटा, हे चुकवायचे नाही. लझहरने नवी बॅटरी बसवली, टाकी उपसून धुतली, फिल्टर बदलला आणि माझी खोली रिकामी केली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यातही माझ्यासारखे कोणीतरी कोपऱ्यात उभे असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला जपायचे म्हणून गप्प ठेवू नका, आणि त्याला शांतता हवी असेल असे परस्पर ठरवू नका. अधूनमधून दार उघडा, त्याला चालवा, बोलवा. निदान त्याला एकदा विचारा तरी.

पहिला गुरुवार आला. गाव झोपले होते. लझहरने चावी फिरवली, मी दोनदा खाकरलो आणि सुरू झालो. धुराड्यातून काळा धूर निघाला, मग पांढरा, मग स्वच्छ. लोड आला तसा पत्रा थरथरू लागला. मी सगळे लक्ष भिंतीकडे लावले होते. पलीकडे काहीच हालचाल नव्हती. लझहरही तिकडेच बघत होता.

मग आवाज आला. तो बारीक होता, थरथरता होता, आणि बाईचा होता.

"रेती जावो तुझ्या घशात!"

आणि थोड्या वेळाने भिंतीवरून पट्टी बांधलेला एक हात चहाचा पेला घेऊन वर आला.